पुढचा पोर्ट, मागचा पोर्ट

देवास

चि. मुक्तास,


आधारसाठी ठसा घेणारं अंगठ्याचं यंत्र कॅबिनेटच्या मागे लावलं की चालतं आणि पुढे लावलं की कॉम्प्युटर त्याला ओळखतही नाही; प्रिंटर मात्र पुढे सुरळीत आणि मागे लावला की ‘ऑफलाइन’. मग खराब काय म्हणायचं, पोर्ट की यंत्र, हा तुझा प्रश्न. तिरल्याच्या दुकानात तुझ्यासमोर रांग उभी असताना फोनवर याचं उत्तर देण्यात अर्थ नव्हता. घाईत सांगितलं असतं तर ‘अंगठा मागे लावायचा’ एवढंच तू लक्षात ठेवलं असतंस, आणि ज्या दिवशी मागेही चाललं नसतं त्या दिवशी हातावर हात ठेवून बसली असतीस. म्हणून पत्र. जरा लांबेल, दुपारी लाइट गेली की वाच.

आधी निकाल सांगून टाकतो, कारण कारणांपेक्षा तुला निकालाची घाई असते. बहुतेक वेळा खराब कोणीच नसतं. पोर्ट धड असतो, यंत्रही धड असतं; त्या दोघांचं जमत नाही. तहसील कचेरीतल्या खिडक्या बाहेरून एकसारख्याच दिसतात, पण एकीमागे खसरा-खतौनीच्या नकला देणारा बाबू असतो, दुसरीमागे उत्पन्नाचा दाखला देणारा, आणि तिसरीमागचा जेवायला गेलेला असतो. तुझ्या कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टांचंही तेच आहे. बाहेरचं तोंड एक, आतला कारभार वेगवेगळा.

आणि गंमत अशी की हा घोळ सोय करण्याच्या नादात झाला. पूर्वी कीबोर्डाचं तोंड गोल, प्रिंटरचं पंचवीस पिनांचं रुंद, मॉडेमचं नऊ पिनांचं. चुकीच्या जागी पिन जातच नसे. ताप होता, पण प्रामाणिक ताप होता: तोंड बघून कळायचं की इथे काय लागतं. 1994 साली सात कंपन्या एकत्र आल्या, कॉम्पॅक, डेक, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल, आणि सगळ्यांसाठी एकच तोंड करायचं त्यांनी ठरवलं. इंटेलमध्ये या कामाचा पाठपुरावा करणारे अजय भट्ट हे मूळचे बडोद्याचे. धारला आणि इथे देवासला पवार संस्थानिक, तसे तिकडे गायकवाड. त्यांच्यातल्या सयाजीराव महाराजांच्या नावाच्या विद्यापीठातून पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले आणि 1990 मध्ये इंटेलमध्ये लागले. तुझ्या तिरल्याची माणसं मजुरीला ज्या गुजरातेत जातात, तिथलाच हा माणूस. पिन नेहमी उलटी का लागते, ती दोन्ही बाजूंनी का जात नाही, असं लोक त्यांना अजून विचारतात. 2019 मध्ये अमेरिकेतल्या एका रेडिओ मुलाखतीत त्यांनी सांगितलं की तसं केलं असतं तर तारा आणि सर्किट दुप्पट लागली असती, खर्च वाढला असता. मला हे उत्तर पटतं. महाग असतं तर हे तोंड तिरल्यापर्यंत पोचलंच नसतं.

जानेवारी 1996 मध्ये पहिलं यूएसबी आलं. वेग दोनच: सेकंदाला दीड मेगाबिट आणि बारा मेगाबिट. 2000 साली दुसरं आलं, 480 मेगाबिटचं. 2008 मध्ये तिसरं, पाच गिगाबिटचं. वेग कुठल्या कुठे गेला, पण तोंडाचा आकार तोच ठेवला, म्हणजे जुनी यंत्रं फेकावी लागू नयेत. इथेच पाणी मुरतं. तोंड बघून आत काय आहे ते कळेनासं झालं.

तुझ्या कॅबिनेटमागे एक-दोन पोर्ट आतून निळे असतील. टॉर्च धरून आत बघ. चार पट्ट्या दिसतील, त्या जुन्या. आणि त्यांच्याशिवाय आणखी पाच बारीक ठिपके, ते तिसऱ्या यूएसबीचे. म्हणजे त्या एका तोंडात दोन वेगळे रस्ते शेजारी शेजारी आहेत. पिन अगदी हळूहळू सरकवली तर जुन्या पट्ट्या आधी टेकतात आणि वेगवान हार्ड डिस्कसुद्धा स्वतःला जुनी समजून संथ चालू लागते. तीच पिन झटक्यात पूर्ण दाबली तर पळते. निळ्या रंगावर मात्र डोळे मिटून विसंबू नकोस. तो रंग सुचवलेला आहे, सक्तीचा नाही. कित्येक लॅपटॉपांत तिसऱ्या यूएसबीचे पोर्ट काळेच असतात. शेजारी ‘एसएस’ ही अक्षरं आहेत का ते पाहावं.

आता पिन खोचल्यावर पहिल्या क्षणात काय होतं ते सांगतो, कारण निम्मे बिघाड याच क्षणात असतात. केबलच्या आत चार तारा: लाल म्हणजे पाच व्होल्ट, काळी म्हणजे जमीन, हिरवी आणि पांढरी बोलण्यासाठी. यंत्राच्या पोटात दीड किलो-ओहमचा एक चिमुकला रोधक असतो. तो या दोनपैकी एका तारेवरचं व्होल्टेज वर ओढतो. कोणती तार ओढली यावरून कॉम्प्युटरला कळतं की पाहुणा मंदगती आहे की जलद. मग कॉम्प्युटर त्याला एकदा रीसेट करतो आणि विचारतो, तू कोण? यंत्र आपल्या कंपनीचा क्रमांक, मॉडेलचा क्रमांक आणि आपल्याला किती करंट लागेल तो आकडा सांगतं. कॉम्प्युटर त्याला 1 ते 127 यांतला एक पत्ता देतो. हे सगळं होईपर्यंत यंत्राला 100 मिलिॲम्पिअरपेक्षा जास्त वीज घ्यायची परवानगी नसते. या बोलण्यात एक शब्द जरी गळला तरी विंडोज ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ म्हणून मोकळं होतं आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसतो. त्या त्रिकोणावर दोनदा क्लिक कर. आत ‘कोड 43’ आणि ‘डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असं लिहिलेलं असेल, तर ओळख सांगता सांगताच संभाषण तुटलेलं आहे. अशा वेळी ड्रायव्हर शोधत बसू नये. केबल, पोर्ट आणि वीज यांच्याकडे बघावं.

आता पुढचा पोर्ट. कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढ, बंद करून, प्लग उपटून. मागचे पोर्ट मदरबोर्डवरच झाळलेले दिसतील. पुढच्या पोर्टांपासून मात्र एक बारीक केबल निघते, कॅबिनेटभर फिरते आणि बोर्डावर नऊ पिनांच्या एका कंगव्यावर बसते. दहाव्या पिनेची जागा मुद्दाम रिकामी असते, उलटं बसू नये म्हणून. स्वस्त कॅबिनेटमध्ये ही केबल सुतळीएवढी असते, तिच्यावरचं संरक्षक वेष्टन नावापुरतं, आणि कंगव्यावर ती सैल बसलेली. 480 मेगाबिटचं बोलणं त्या तारेतून जाताना धूसर होतं आणि पाच व्होल्टांतले थोडे वाटेतच खर्च होतात. माउस आणि कीबोर्ड दीड मेगाबिटचे, त्यांना याचं काही वाटत नाही. म्हणून पुढचा पोर्ट चांगलाच आहे असा आपला समज होतो. अंगठ्याचं यंत्र बोटाचं चित्र पाठवतं, त्याला वेग लागतो आणि भरवशाची वीजही लागते. त्यात त्याची स्वतःची केबल आणि गिऱ्हाइकापर्यंत पोचावं म्हणून तू जोडलेली एक्स्टेन्शन. सगळी मिळून पाच मीटरच्या वर गेली तर नियमच मोडला; आणि पाचाच्या आत असूनही पुढच्या तारेची भर पडली की यंत्र मान टाकतं. तुझ्या बाबतीत हेच झालंय असं मी पैजेवर सांगेन. ती एक्स्टेन्शन काढून पुढच्या पोर्टाला यंत्र थेट लावून बघ.

पोर्ट अपुरे पडतात म्हणून तू एक चार तोंडांचा हब आणलास असं तुझी आई म्हणाली. हिशोब कर. दुसऱ्या यूएसबीचा पोर्ट 500 मिलिॲम्पिअर देतो. हब स्वतः 100 ठेवून घेतो. उरले 400, तोंडं चार, प्रत्येकाला 100. ज्या यंत्राने ओळख देताना 100 च्या वर मागितले त्याला कॉम्प्युटरने नाही म्हणायचं असतं. प्रामाणिक हब आपल्याकडे स्वतःची वीज नाही हे कबूल करतो आणि विंडोज वीज कमी असल्याची सूचना देतं. बाजारातले स्वस्त हब मात्र ‘माझ्याकडे स्वतःची वीज आहे’ अशी चक्क थाप मारतात. मग सगळ्यांना होकार मिळतो आणि सगळी एकदम वीज ओढू लागली की अंगठ्याचं यंत्र विझतं. हब घ्यायचाच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घे, आणि त्याच्यावर माउस, कीबोर्ड असली गरीब गिऱ्हाइकं ठेव. तिसऱ्या यूएसबीचा पोर्ट 900 मिलिॲम्पिअर देतो, म्हणून फिरती हार्ड डिस्क काळ्या पोर्टात नुसती टकटक करते आणि निळ्यात चालू होते. तिथे वेगाचा संबंध नाही, पोटाचा आहे.

याच्या अगदी उलटही घडतं: जुनं यंत्र निळ्या पोर्टात मुकं. तुझं मशीन इंदूरला जेल रोडवर जोडून घेतलेलं, त्यावर अजून विंडोज 7 आहे ना? त्या विंडोजला तिसऱ्या यूएसबीचा नियंत्रक चालवायची अक्कल जन्मतः नाही. बोर्डाबरोबरच्या सीडीतून ड्रायव्हर टाकला तरच निळे पोर्ट जिवंत होतात. विंडोज 8 पासून ती अक्कल आतच आली. 2015 मध्ये इंटेलने नव्या पिढीच्या बोर्डांतून जुना नियंत्रक काढूनच टाकला, तेव्हा त्या बोर्डांवर विंडोज 7 चढवायला बसलेल्यांचे माउस-कीबोर्ड ऐन मध्यात बंद पडत. कीबोर्ड तोच, क्षणापूर्वी बायोसमध्ये चालत होता, आणि विंडोजने ताबा घेतला की ठार! तू विंडोज बदलावंस हे मी तसंही सांगणार होतो. 7 ला मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2020 मध्ये वाऱ्यावर सोडलंय आणि तू त्यावर लोकांचे पैसे काढून देतेस.

आता तुझा प्रिंटर. त्याचं दुखणं विजेचं नाही, ओळखीचं आहे. यूएसबी यंत्राने कंपनी आणि मॉडेल सांगितलंच पाहिजे; स्वतःचा अनुक्रमांक सांगणं मात्र त्याच्या मर्जीवर आहे. ज्याला अनुक्रमांक आहे त्याला विंडोज कुठल्याही पोर्टात ओळखतं. ज्याला नाही त्याला ते पोर्टाच्या जागेवरून लक्षात ठेवतं. पोर्ट बदलला की त्याच्या लेखी हा नवाच कोणीतरी. मग ते नव्याने बस्तान मांडतं, ‘कॉपी 1’ नावाचा दुसरा प्रिंटर तयार करतं, आणि तुझं सॉफ्टवेअर अजून पहिल्यालाच कागद पाठवत राहतं. पहिला तर ऑफलाइन असणारच. सोपा उपाय म्हणजे प्रिंटर जिथे पहिल्यांदा बसवला तिथेच ठेवणं. नाहीतर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन नवा प्रिंटर डीफॉल्ट करणं.

हीच भानगड मी धारच्या रस्त्यावरच्या एका तौलकाट्यावर पाहिली आहे. सोयाबीनचे दिवस, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, आणि काट्याच्या डब्यावर वजन लखलखीत दिसतंय पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर शून्य. काट्यातून नऊ पिनांची जुनी सीरियल तार येते, ती यूएसबीत बदलणारी एक केबल असते, आणि त्या स्वस्त केबलींतल्या सीएच 340 सारख्या चिपला बहुधा अनुक्रमांकच नसतो. साफसफाई करणाऱ्याने ती उपटून शेजारच्या पोर्टात लावली होती. विंडोजने तिला ‘कॉम 3’ ऐवजी ‘कॉम 5’ नाव दिलं, आणि वजनाचं सॉफ्टवेअर बिचारं ‘कॉम 3’ च्या दारात वाट बघत बसलं. काटेवाला काटा खराब म्हणून कारागीर बोलवायला निघाला होता. केबल पुन्हा जुन्या पोर्टात गेली आणि ट्रॉल्या हलल्या. जुना पोर्ट तुटलेला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पोर्ट्स’ खाली त्या केबलच्या गुणधर्मांत, ‘ॲडव्हान्स्ड’ मध्ये जाऊन, 5 चा 3 करता येतो. हे पाठ करून ठेव. तिरल्यात दोन-चार आडतियांकडे तुझी वट वाढेल.

बिनतारी माउस उड्या मारतो म्हणालीस, त्याचंही कारण शेजारी आहे. तिसऱ्या यूएसबीची वाहतूक चालू असताना 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट होतो, आणि माउसची ती नखाएवढी डोंगल नेमकी त्याच पट्ट्यात ऐकत असते. इंटेलने स्वतःच 2012 मध्ये यावर निबंध काढला होता. डोंगल निळ्या पोर्टातल्या पेनड्राइव्हला चिकटून नको. लांबच्या काळ्या पोर्टात लाव. इथे मात्र तुझा तो बदनाम पुढचा पोर्ट उत्तम.

आणखी एक, जे पुस्तकात सापडत नाही पण आपल्याकडे घरोघर आहे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या येतात का? येत असतील तर तुझ्या विजेच्या बोर्डाला अर्थिंग नाही. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे पत्र्यावर थोडी वीज गळत राहते. अर्थिंग असेल तर जमिनीत जाते, नसेल तर ती वाट शोधत यूएसबीच्या पत्र्यापर्यंत येते, आणि प्रिंटर वेगळ्या प्लगवर असेल तर दोघांच्या जमिनींत फरक पडून यंत्रं उगाच तुटतात-जोडतात. पोर्ट बदलण्याआधी वायरमनला बोलाव. गिऱ्हाइकाचं ओलं बोट त्या काचेवर असतं, हे विसरू नकोस.

टाइप-सी वर मी फार लिहीत नाही. तुझ्या नव्या लॅपटॉपला तशी दोन तोंडं आहेत आणि टीव्ही एकातच लागतो, तर समज की चित्र पाठवायची तार एकाच तोंडापर्यंत ओढलेली आहे. पिन आता दोन्ही बाजूंनी जाते हे खरं. आतला फरक मात्र आणखी लपला. पोर्टाशेजारची चिन्हं वाचायची, एवढंच.

आता मूळ गोष्टीवर येतो, ज्यासाठी एवढा कागद खर्च केला. तुझ्या दुकानात येणारी बहुतेक माणसं भील-भिलाले, पाड्यापाड्यांतून येणारी. कोणाची समग्र ई-केवायसी, कोणाला लाडली बहना योजनेचे पैसे काढायचे, कोणाची पेन्शन. एका खेपेला एक मजुरी बुडते. अंगठा लागला नाही की त्यांना काय सांगतात ते मी बऱ्याच दुकानांत ऐकलंय: ‘सर्व्हर डाउन है’ किंवा ‘अम्मा, तुम्हारा अंगूठा नहीं आ रहा’. म्हातारी आपली बोटं लुगड्याला पुसत बसते. दगड फोडून, खुरपून झिजलेली बोटं असतात ती, हे खरं आहे. पण दर वेळी दोष त्यांचाच नसतो, आणि यंत्र हे स्पष्ट सांगत असतं. आधारच्या पडताळणीत 300 हा आकडा आला तर ठसा नोंदीशी जुळला नाही. तेव्हा दुसरं बोट घे, हात धुवायला सांग, तरीही नाही जमलं तर जिथे सोय असेल तिथे चेहऱ्याने किंवा ओटीपीने काम कर. 720 आला तर त्याचा अर्थ यंत्रच तयार नाही. त्यात म्हातारीच्या बोटाचा काडीचा संबंध नाही. 710 म्हणजे दुसरं एखादं सॉफ्टवेअर यंत्र अडवून बसलंय. 700 म्हणजे वेळ संपली, 730 म्हणजे ठसा घेता आला नाही. कधी कधी पानावर हा आकडा बारीक अक्षरात असतो आणि वर मोठ्याने नुसतं ‘फेल्ड’ लिहिलेलं असतं. बारीक अक्षर वाच.

720 दिसला की घाबरायचं नाही आणि सगळं उपटायचंही नाही. आधी एक्स्टेन्शन आणि हब काढून यंत्र थेट मागे लाव. तरी नाही चाललं तर त्याच पोर्टात पेनड्राइव्ह लावून बघ. तो चालला तर पोर्ट निर्दोष, मग केबलवर संशय घे. एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही. जुळलेल्या पोर्टाशेजारी स्केच पेनने लिहून ठेव, ‘अंगठा’, ‘प्रिंटर’, म्हणजे दुपारी तुझ्या जागी बसणारा मुलगा गोंधळ घालणार नाही.

आणि गिऱ्हाइकाला खरं कारण सांग, त्याच्या बोलीत सांग. यंत्र अडलंय, थोडा वेळ बस, असं म्हटलं तर कोणी रागावत नाही. ‘सर्व्हर डाउन’ हे शब्द तुझ्या दुकानात फक्त सर्व्हर खरोखर बंद असेल तेव्हाच निघावेत, एवढं माझं ऐक.

तुझा,
नाना